सोबत आलेलं सॉफ्टवेअर

खिरवडकर काकांच्या घरात विकत घेतलेली वस्तू कपाटात असते आणि तिच्यासोबत फुकट आलेली वस्तू वापरात असते. चहा मिळतो तो चहापत्तीच्या पुड्यावर आलेल्या ग्लासात. आंघोळ होते ती धुण्याच्या पावडरीवर आलेल्या बादलीत. भेडाघाटहून आणलेला संगमरवरी गणपती जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात आहे आणि दुकानदाराने त्याच्यासोबत दिलेला संगमरवरी बेडूक टीव्हीशेजारी बसलाय. मी वरची खोली भाड्याने बघायला गेले, त्या दिवशी बेडकापुढे उदबत्ती जळत होती. मी चमकले, तर काकू म्हणाल्या, "देव आत आहे ना कपाटात, म्हणून इथूनच ओवाळून राहिलो आम्ही."

मी साताऱ्याची. बँकेने उचलून जबलपूरला टाकलं. इथं मराठी घरमालक मिळाले म्हणून आईने सुटकेचा निःश्वास सोडला. ते कसे आहेत हे तिला कुठे ठाऊक होतं!

काका इथल्या सरकारी फॅक्टरीतून निवृत्त झालेले. अंगाने बारीक, आवाज मात्र पहिल्या पाळीचा भोंगा. "सोबत आलं आहे बेटा, टाकायचं काहून?" हे त्यांचं जीवनसूत्र. मोबाइल घेतला तर त्याच्या डब्यातली सुई, तीच ती सिम काढायची, तिनेही ते दात कोरतात. घरातली बाजाची पेटी काकूंच्या माहेराहून आलेली. काकूंनी लग्नानंतर तिला हात लावला नाही. काका मात्र ती सोबत आली म्हणून वाजवायला शिकले. "बाप्पा! मी विकत घेतलेली ना जी," काकू म्हणतात, "म्हणून मी स्वयंपाकघरात, अन् पेटी यांच्या मांडीवर."

त्या पेटीवर दर गुरुवारी भजन व्हायचं. फॅक्टरीच्या क्वार्टरांत सुरू झालेलं, पुढे काकांच्या या घरात आलेलं. एके काळी चपला फाटकाबाहेर जायच्या म्हणे. मी आले तेव्हा पेटीवर काका आणि समोर पाध्ये, असे दोघेच उरले होते. बाकीचे कोणी मुलांकडे गेले, कोणी कायमचे गेले. मग पाध्यांच्या मुलीनेही त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलं. काका त्यांच्या गाडीत बसून गावाबाहेर, नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत पोहोचवायला गेले आणि ऑटोने परत आले. त्या संध्याकाळी काकू सरळच म्हणाल्या, "बंद करा आता. एकटा माणूस भजन काय करणार?"

"पाहू," काका म्हणाले. एवढं छोटं वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

नेमका त्याच सुमारास मुलाने बंगळुरूहून त्यांच्या वाढदिवसाला माइक पाठवला. चांगला, दणकट, गाणं रेकॉर्ड करायचा माइक. डब्यात एक कार्ड होतं आणि कार्डावरचा नंबर टाकला की रेकॉर्डिंगचं एक सॉफ्टवेअर फुकट. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. माइक कपाटात गेला, गणपतीशेजारी. सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरलं आणि काका लॅपटॉपच्या स्वतःच्या दीडदमडीच्या माइकवर रेकॉर्डिंग करायला बसले.

आता माझ्या भावाचा साताऱ्यात छोटा स्टुडिओ आहे. या विषयात माझी मतं ठाम आहेत आणि ती कुणी न विचारता मिळतात. मी काकांना सांगितलं, "ही फुकटची सॉफ्टवेअरं म्हणजे नमुन्याची पुडी असते. अर्धी बटणं बंद, आवाज सजवायला काही नाही, आणि ट्रॅक फक्त आठ. आठ आवाज एकावर एक चढवले की संपलं. तुम्हाला चटक लागली की पैसे भरून मोठं घ्यायला लावतात."

"अच्छा," काका म्हणाले. "पण नमुन्याच्या पुडीत एक वेळचा चहा होऊन जाते ना?"

कपाळ माझं!

ते सॉफ्टवेअर उघडलं की दर वेळी एक चौकट यायची, पूर्ण आवृत्ती घ्या म्हणून. काका तिच्याकडे बघून मोठ्याने, अदबीने म्हणायचे, "अभी नहीं, भैया." मगच ती बंद करायचे. बंद बटणांवरही ते एकेकदा बोट ठेवून बघत. "दुकान बंद आहे. चलो, कोई बात नहीं."

आणि मग खालून जे आवाज यायला लागले, ते काय सांगू! मी बँकेतून येऊन चहा टाकते तोवर एकच ओळ, पुन्हा पुन्हा, दर वेळी वेगळ्या गळ्यातून. कधी नाकातून, कधी पोटातून. कधी आधी खणखणीत खोकला आणि मग ओळ. कधी अख्खी ओळ नुसती गुणगुण आणि शेवटचा शब्द तेवढा अंगावर धावून आल्यासारखा. मध्येच झांज, तीसुद्धा लयीच्या पुढे पळणारी. मला वाटलं, एकटेपणाने यांचं काही बिनसलं. काकूंनी जिन्यात गाठून हळूच विचारलं, "बँकेत कोणी डॉक्टरच्या ओळखीचं आहे का ग?"

मी आपली मदतीला गेले. झांज पळत होती, तर मी म्हटलं, काका, हे एक बटण चालू आहे बघा, हे दाबलं की ताल आपोआप सरळ होतो. दाबलं. झांज अगदी टिच्चून लयीत आली. मी शाबासकीची वाट बघत होते, तर काकांचा चेहरा पडला.

"नको नको, सुधरवू नको. होतं तसं कर."

"अहो, पण ते चुकलेलं होतं!"

"चुकलेलंच पाहिजे मला. आणि तो टकटक्या पण बंद कर, तो कोणासाठी थांबत नाही."

टकटक्या म्हणजे ताल धरायला सॉफ्टवेअर जो ठोका देतं तो. मी पाय आपटतच वर आले. गेलं उडत, म्हटलं, तुमचं गाणं आणि तुमची पुडी!

पुढच्या गुरुवारी दिवेलागणीला खालून भजन सुरू झालं. एका माणसाचं नव्हे, भरल्या बैठकीचं. मला वाटलं, कोणी परत आलं की काय! मी धावतच खाली गेले. दारात चपला फक्त काकांच्या. आत मोठी सतरंजी अंथरलेली, तीसुद्धा कपाटातली, विकत घेतलेली. मधोमध काका, मांडीवर पेटी, समोर लॅपटॉप. बैठक त्या लॅपटॉपमधून गात होती. काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या.

एक खणखणीत खोकला आला. "थोसर," काकू माझ्या कानात म्हणाल्या. "गेले बिचारे. खोकल्याशिवाय सुरुवातच नव्हती त्यांची." झांज लयीच्या पुढे पळाली. "हा दाणी. आता पुण्याला असतो मुलाकडे. याला मेल्याला घरी जायची घाई." गुणगुण आली आणि शेवटचा शब्द दणकन आदळला. "तिवारीजी. मराठी नव्हतं येत ना त्यांना, तर शेवटच्या शब्दाला हजेरी लावून घेत."

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. काकांनी आपल्या गळ्यातून एकेक माणूस बोलावून आणला होता, त्याच्या चुकीसकट. आणि मी बाई दाण्यांची झांज सरळ करायला निघाले होते!

भजन थांबलं तशी मी आत जाऊन बसले. नाक ओढत म्हटलं, "काका, पाध्येकाका पण आहेत?"

"हे काय, हा सगळ्यात बेसूर. त्याला फोनवर ऐकवलं. म्हणतो, मी इतका वाईट गात नाही. मी म्हटलं, तर मग ये इथं अन् सुधारून जा." एवढं बोलून काका पेटीच्या पट्ट्या पुसायला लागले.

लॅपटॉपशेजारी मला तो दणकट माइक दिसला. "हा कपाटातून बाहेर कसा?"

"थोसरांसाठी काढला. त्यांचा आवाज खरंच चांगला होता, बेटा. लॅपटॉपच्या माइकवर त्यांचा अपमान झाला असता."

माझं मत विचाराल तर फुकटची सॉफ्टवेअरं ही अजूनही नमुन्याची पुडीच आहे. भावाला मी तेच सांगते. पण त्या दिवशी पडद्यावरच्या आठ ट्रॅकच्या आठ पट्ट्या मी नीट वाचल्या. प्रत्येकीला काकांनी नाव दिलं होतं. आठ पट्ट्या, आठ नावं, सगळ्या भरलेल्या. त्यात खिरवडकर हे नाव नव्हतं.

"काका, तुमचा स्वतःचा आवाज कुठे आहे? जागाच उरली नाही की. आता तरी मोठं सॉफ्टवेअर घ्या, मी पैसे भरते."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू बँकेने अगदीच ढ पोरगी पाठवली होती.

"माझा काहून रेकॉर्ड करू? जे नाही येऊ शकत त्यांचा केला. मी तर आलो आहे ना."

त्यांनी झांज माझ्या हातात दिली, भाता ओढला आणि लॅपटॉपचं बटण दाबलं. थोसर खोकले. काकू पदराला हात पुसत येऊन सतरंजीवर बसल्या. आणि काका आपल्या आवाजात गायला लागले.