ओढायचा पाणघोडा, प्रकार स्थिर

चिमीचे चालणे लांबणीवर पडले होते. तिच्या बरोबरीची मुले घरभर धावून भांडी पाडू लागली, तरी ही आपली बसल्या जागेवरून त्यांच्याकडे निवृत्त न्यायाधीशासारखी पाहत राही. डॉक्टरांनी तिचे पाय तपासले, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि सांगितले, "पायांत काही दोष नाही. तिला उठायला कारण सापडलेलं नाही, एवढंच. दोरीनं ओढायचं एखादं खेळणं द्या. आपल्यामागून काहीतरी येतंय म्हटलं की मूल आपोआप पुढं चालतं."

ही सूचना चिमीच्या बाबांना फार लागली, कारण ते खेळण्यांच्या एका मोठ्या कारखान्यात आरेखक होते. घरात कारखान्याची खेळणी ढिगाने पडलेली होती. सगळी तपासलेली, शिक्का मारलेली. चिमी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. ती चहाच्या गाळणीशी खेळे.

आरेखक कामाला लागला. उरल्यासुरल्या लाकडातून त्याने एक गुटगुटीत पाणघोडा कोरला. पुढच्या चाकांमधला दांडा त्याने मध्येच वाकवला आणि त्यावर एक काडी अशी बसवली, की चाक फिरले की काडी वर जाई आणि पाणघोडा भला मोठा जबडा उघडे. चाक पुढे गेले की जबडा 'टॉक' करून मिटे. मागच्या चाकांची भोके त्याने मुद्दाम मध्यापासून जरा बाजूला पाडली, त्यामुळे पाणघोड्याचे बूड पोटभर जेवलेल्या माणसासारखे डुलत असे. इतक्या वर्षांच्या नोकरीत आपण पहिल्यांदाच एक खेळणे बनवले, असे त्याला वाटले आणि तो स्वतःशीच लाजला.

संध्याकाळी त्याने दोरी चिमीच्या मुठीत दिली. चिमीने ओढली. टॉक. तिने पाणघोड्याकडे पाहिले. पुन्हा ओढली. टॉक. मग ती खदाखदा हसली, खुर्चीचा पाय धरून उभी राहिली आणि दोन पावले टाकून मागे वळून पाहू लागली, हा येतोय की नाही ते. आई ओले हात तसेच घेऊन धावत आली. तेवढ्यात मागचे एक चाक निखळले, पाणघोडा आडवा झाला आणि चिमीने बसकण मारली.

"उद्या कारखान्यात नेऊन चाक घट्ट करून आणतो," आरेखक म्हणाला. सगळा घोटाळा झाला तो इथे.

कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने पिशवी तपासली. "हे काय?"

"माझ्या मुलीचं खेळणं आहे. चाक बसवायला आणलंय."

"असेल मुलीचं. पण आता आत आलं ना?" पहारेकऱ्याने समजावले. जे खेळणे फाटकातून आत येते ते 'नमुना' होते, आणि नमुना मान्यता समितीच्या मंजुरीशिवाय बाहेर जात नाही, असा नियम होता. दुसरा पाणघोडा बनवावा, तर ती नमुन्याची नक्कल ठरे आणि नक्कल करणाऱ्याची नोकरी जाई. पहारेकऱ्याने इकडेतिकडे पाहून एकदा दोरी ओढली, टॉक ऐकून मिशीत हसला आणि पाणघोड्याला लाखेची मोहोर लावली.

मान्यता समितीत तीन सभासद होते. पहिल्या सुरक्षाबाई. त्यांना जगात धोका नसलेली वस्तू अजून दिसायची होती. दुसरे विक्रीप्रमुख, जे खेळण्याआधी त्याचा खोका पाहत. तिसरा सभासद होता बालक.

बालकाबद्दल थोडे सांगायला हवे. खेळण्याचा निकाल मुलानेच द्यावा, असे कारखान्याच्या संस्थापकांचे मत होते. मत चांगलेच होते. त्यांनी समितीत 'बालक' असे पद निर्माण करून त्यावर एका चुणचुणीत मुलाची नेमणूक केली आणि कामगारांच्या हिताची कळकळ असल्यामुळे त्याला कायमही करून टाकले. कायम झालेल्या माणसाला वय वाढले म्हणून काढता येत नाही. संस्थापक गेले, बालक राहिला. आता त्याच्या मिशा पिकल्या होत्या आणि कंबर धरली होती. बढती मिळत नव्हती, कारण बालकाच्या वरचे पद कारखान्यात नव्हते. सभेत सगळ्यांना चहा येई आणि त्याला पेलाभर दूध. पदाचा मान राखून तो सगळ्यांना काका-मावशी म्हणे.

"काका, ओढू?" बालकाने आपल्याहून बऱ्याच लहान असलेल्या आरेखकाला विचारले.

"ओढा ना."

बालकाने टेबलावरच दोरी ओढली. टॉक. त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकदम जागच्या हलल्या. त्याने आणखी ओढले. टॉक, टॉक. तो असा खळखळून हसला, की दूध सांडले. आरेखकाला वाटले, जिंकलो.

"बालक अनावर झाल्याची नोंद घ्या," सुरक्षाबाई म्हणाल्या. "आणि दोरी केवढी ही! गळ्यात अडकेल. नियमाप्रमाणे दोरी वीतभरच हवी."

"पण बाई, वीतभर दोरीनं ओढायचं तर मुलाला रांगावं लागेल."

"मग रांगू दे की. रांगणारं मूल पडल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? पडतात ती उभी राहिलेली मुलं."

आरेखकाच्या तोंडाला फेस आला. हे खेळणेच मुळी मुलांनी उभे राहावे म्हणून आहे, हे त्याने परोपरीने सांगून पाहिले. बाईंनी ते शांतपणे ऐकले आणि 'मुलांना उभे राहण्यास चिथावणी' असा नवा धोका नोंदवला.

घरी गेल्यावर बायकोने दारातच विचारले, "आणला का?"

"थोडी दोरी कापायची म्हणतायत. कापली की मिळेल."

"कापू द्या बाई. दोरी काय, आपण घरी नवी बांधू."

चिमीने त्याच्या पिशवीत हात घातला, डबा बाहेर काढला, पिशवी उलटी करून पाहिली आणि मान वळवून ती गाळणीकडे परतली. त्या नजरेने आरेखक इतका खजील झाला, की दुसऱ्या सभेला तो कात्री स्वतःच घेऊन गेला.

दुसऱ्या सभेत अडचण बालकाची निघाली. "काका, दोरी एवढीशी केलीत, आता मला वाकावं लागेल. मला डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय."

"तुम्हाला नाही वाकायचं. मुलांना वाकायचंय," आरेखक म्हणाला.

विक्रीप्रमुखांनी घसा खाकरला. "म्हणजे बालक हे मूल नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?"

आरेखकाने जीभ चावली. बालकाच्या पदावर शंका घेणे म्हणजे संस्थापकांवर शंका घेणे. त्याने ताबडतोब माफी मागितली. बालकाला वाकता येत नाही, अर्थात मुलांना वाकता येत नाही, म्हणून पाणघोडा जमिनीऐवजी टेबलावर ठेवूनच खेळायचा, असे सर्वानुमते ठरले.

"टेबलावर?" सुरक्षाबाई दचकल्या. "चाकं असलेली वस्तू टेबलावर? गडगडत खाली आली आणि खाली मूल असलं तर?"

चाके पक्की करावीत, असे ठरले. चाके फिरणार नाहीत म्हणजे जबडा हलणार नाही, आणि जबडा हलणार नाही म्हणजे बोट चेमटणार नाही, अशी सगळी गाडी आपोआप रुळावर आली. बाईंच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसले. फक्त तोंड उघडे पक्के करायचे की मिटलेले, यावर बराच खल झाला. उघडे ठेवले तर मुले त्यात काहीबाही कोंबतील. मिटले तर पाणघोडा रुसल्यासारखा दिसतो आणि रुसलेला माल खपत नाही, असे विक्रीप्रमुखांचे म्हणणे पडले. शेवटी तोंड मिटून त्यावर रंगाने हसू काढावे, असा तोडगा निघाला.

"पण मग हे ओढायचं खेळणं राहिलंच कुठं?" आरेखकाने हात टेकले.

"असं कसं? दोरी आहे की," विक्रीप्रमुख म्हणाले. "चाकं आहेत. एवढं पारंपरिक खेळणं बाजारात दुसरं नाही. खोक्यावर आपण लिहू : ओढायचा पाणघोडा, प्रकार स्थिर."

"साहेब, माझ्या मुलीला हा..."

"मिळेल ना! मंजुरी झाली की पहिला नग तुमचा. सही करा."

आता त्याने सही करायला नको होती, हे मलाही कळते आणि तुम्हालाही कळते. त्यालाही कळत होते. पण चिमी अजून बसलेली होती, पाणघोडा कारखान्याच्या कपाटात होता, आणि एकदा घरी आला की चाके सोडवता येतील, दोरी बदलता येईल, अशी त्याने मनाची समजूत घातली. त्याने सही केली.

मग त्याला कळले, की नमुना आणि मंजूर आराखडा यांत तफावत चालत नाही. नमुना आराखड्याबरहुकूम करून द्यायची जबाबदारी आरेखकाची.

कपाट उघडून पाणघोडा त्याच्यापुढे ठेवण्यात आला. सोबत सरसाची बाटली. साधा सरस नव्हे. बाईंनी पसंत केलेला, एकदा लागला की लाकूड तुटेल पण सांधा सुटणार नाही असा. आरेखकाने चाक एकदा बोटाने फिरवले. टॉक. आणखी एकदा फिरवले. टॉक. मग त्याने निखळलेले चाक बसवले आणि वाकवलेल्या दांड्यावर, काडीवर, चारही चाकांवर सरस ओतला. ओतताना त्याला रडू आले. शेजारच्या टेबलावरचे लोक, सरसाचा वास फार उग्र असतो, असे म्हणाले.

बालक दाराशी उभा होता. हळूच आत येऊन त्याने विचारले, "काका, आता नाही का वाजणार?"

"नाही."

"मला आधीचाच आवडला होता."

"मग सभेत बोलला का नाहीत?" आरेखक उसळून म्हणाला. "मत होतं ना तुम्हाला!"

बालकाने मिशीवरचे दूध पुसले. "लहान मुलांचं कोण ऐकतं, काका?"

स्थिर पाणघोडा बाजारात आला आणि लोकांच्या त्याच्यावर उड्या पडल्या. आवाज करत नाही, धावत नाही, भिंतीचा रंग उडवत नाही, सोफ्याखाली जात नाही. आईबापांना असे खेळणे कधीपासून हवे होते. तो दिवाणखान्यात छान दिसे. पाहुणे त्याचे कौतुक करत आणि मुलांना कडेवर उचलून लांबून दाखवत. वर्ष सरता सरता त्याला सर्वांत सुरक्षित खेळण्याचा पुरस्कार मिळाला, कारण त्याच्यामुळे एकाही मुलाला खरचटल्याची तक्रार नव्हती. पुरस्कार सुरक्षाबाईंनी स्वीकारला. बालकाने त्यांना गुच्छ दिला.

दरम्यान कबूल केल्याप्रमाणे पहिला नग, म्हणजे तोच जुना पाणघोडा, वर चकचकीत रंग देऊन आरेखकाला मिळाला होता. त्याने घरी नेऊन पक्कड लावून पाहिली, गरम पाण्यात बुडवून पाहिला, पण बाईंची निवड पक्की होती. दोघा नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिले.

"दिसतो मात्र गोड," बायको म्हणाली. "वर ठेवू या. उगाच रंग जायचा."

पाणघोडा काचेच्या कपाटात सर्वांत वरच्या फळीवर गेला. पुरस्कार मिळाल्यावर आरेखकाला साहजिकच जरा अभिमान वाटू लागला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगे, "आराखडा आमचाच."

अशाच एका दुपारी दोघे चहा पीत बसले होते. चिमी खाली बसून वर पाहत होती. तिने गाळणी बाजूला ठेवली. जमिनीला हात टेकले, बूड वर केले, डुलत डुलत उभी राहिली. ना खुर्ची धरली, ना भिंत. एक पाऊल, दुसरे पाऊल, मग आणखी, तोंड भले मोठे उघडून हसत ती सरळ कपाटाशी गेली, टाचा उंचावल्या आणि काचेकडे हात नेऊन म्हणाली, "टॉक!"

"अगं ए!" आरेखक कप टाकून ओरडला. "हात लावू नकोस! पडेल तो!"

"खाली बस आधी! बस!" आई ओरडली.

चिमी दचकली. तिने एकदा आईकडे पाहिले, एकदा बाबांकडे, आणि बसली.

"थोडक्यात वाचला," असे म्हणत आरेखकाने कपाटाला किल्ली लावली आणि सांडलेला चहा पुसायला घेतला. पुसता पुसता त्याला वाटले, मघाशी काहीतरी घडले खरे. पण काय, ते काही त्याच्या लक्षात येईना.

तुम्हाला त्याचा राग आला असेल. येऊ द्या. पण ही गोष्ट बाजूला ठेवण्यापूर्वी आपल्या घरातल्या वरच्या फळीकडे एकदा पाहा. पाणघोडा नसेल, तर दुसरे काहीतरी असेलच, आणि खाली कुणीतरी त्याच्याकडे पाहत उठण्याच्या बेतात असेल. त्याला काय ओरडून सांगायचे, ते तुम्हाला तोंडपाठ आहेच.