शहाण्णव टक्क्यांची ऊब

कुणाच्या घरी कॉफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा "बरं, अर्धाच कप" म्हणून पूर्ण कप घ्यायचा. उत्तर मिनेसोटात हे कुणी कुणाला शिकवत नाही. मूल रांगायला लागतं तसंच हेही आपोआप येतं.

*

निळ्या चौकड्यांचा फ्लॅनेलचा गाऊन धुतल्यावर आटेल असं दुकानदार म्हणाला, म्हणून दोन मापं मोठा घेतला. तो आटला नाही.

*

डेलोरेस एंगेनच्या काचेच्या भांड्याला बुडाशी चिकटपट्टी लावलेली आहे आणि तिच्यावर डेलोरेसचं नाव आहे. ते भांडं कुणाच्या घरी गेलं की समजावं, त्या घरात बाळ झालंय, नाहीतर कुणीतरी चाललंय.

*

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाई ऑर्विनच्या डाव्या कानात डोकावून म्हणाल्या, "हे फार जुनं दिसतंय."

*

गरम हवा वर जाते.

*

या गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. निदान नोव्हेंबरातल्या त्या सकाळी कर्ट तळघरातून गुडघे झटकत वर येईपर्यंत तरी नव्हता.

"मेली का?" ऑर्विनने विचारलं.

"धुगधुगी आहे," कर्ट म्हणाला. "नाताळपर्यंत ओढेल. त्यापुढे मी जबाबदारी घेणार नाही."

हे सगळं घर तापवणाऱ्या भट्टीबद्दल चाललं होतं. ऑर्विन आणि आर्डिस ट्वाइट लग्न करून या घरात आले, तेव्हापासून ती तळघरात बसली होती. तिला दोघं गुड्रुनआत्या म्हणत, कारण ऑर्विनच्या सख्ख्या गुड्रुनआत्यासारखीच ती कण्हत कण्हत उठे आणि एकदा उठली की घरातल्या सगळ्यांना घाम फोडी.

"आता दोन रस्ते आहेत," कर्ट म्हणाला. त्याने कॉफी दोनदा नाकारून झाली होती आणि तिसऱ्या वेळचा कप त्याच्या हातात होता. "एक ऐंशी टक्केवाली. शंभरातली वीस टक्के ऊब चिमणीतून वर जाते."

"आणि आत्याची?" आर्डिसने विचारलं.

"आत्याची जवळजवळ निम्मी. मिसेस ट्वाइट, तुम्ही आजवर आकाशातली बदकं शेकत होतात. दुसरी आहे शहाण्णववाली. तिची चारच टक्के वाया जाते. पण ती महाग आहे. गॅसच्या बिलात जे वाचेल, त्यातून जादा पैसे वसूल व्हायला बारा वर्षं तरी लागतील."

"बारा," ऑर्विन म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. तो शहात्तर वर्षांचा होता.

"मला विचारशील तर शहाण्णववालीच घेऊ," आर्डिस म्हणाली.

"नको. बारा वर्षांचा हिशेब आपल्याला काय करायचाय?"

हा पहिला नकार होता. आर्डिसने तो ऐकलासुद्धा नाही. कर्ट गेल्यावर तिने पुन्हा विचारलं, "घेऊ या ना, शहाण्णववाली?"

"नको म्हटलं ना."

हा दुसरा. आर्डिस निश्चिंत होती. जेवण झाल्यावर भांडी पुसताना तिने तिसऱ्यांदा विचारलं. आता नवरा "बरं, तुझंच खरं" म्हणणार, हे तिला घड्याळाच्या टोल्याइतकं ठाऊक होतं.

"नको," ऑर्विन म्हणाला.

आर्डिसच्या हातातली बशी पुसता पुसता थांबली. तिसऱ्यांदा नको? इतक्या वर्षांच्या संसारात असं घडलं नव्हतं.

*

ऑर्विनला शहाण्णववाली का नको होती, हे आपण आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण तो काही सांगणार नाही.

रोज सकाळी ऑर्विन स्वयंपाकघरात टेबलाशी पेपर घेऊन बसे. तळघरात आत्या कण्हत उठे. बरोबर त्याच वेळी आर्डिस निळ्या चौकड्यांच्या गाऊनमध्ये यायची आणि जमिनीतल्या लोखंडी जाळीवर उभी राहायची. खालून गरम हवेचा झोत उसळे आणि दोन मापं मोठा तो गाऊन तंबूसारखा टम्म फुगे. त्या फुगलेल्या तंबूवर आर्डिसचं लहानसं डोकं, डोळे मिटलेले, केस उडालेले. जेमतेम मिनिटभर. मग ती उतरून अंडी तळायला जाई.

या एका मिनिटाबद्दल ऑर्विन तिच्याशी कधीही एक शब्द बोलला नव्हता. त्यांच्याकडे बायकोशी असलं बोलायची पद्धत नाही, हवामानाबद्दल बोलतात.

पण तो कर्टच्या दुकानात जाऊन आला होता. तिथे शहाण्णववाली चालू होती, तिच्यावर तशीच जाळी होती. आसपास कुणी नाही असं बघून ऑर्विनने खिशातला रुमाल काढून जाळीवर टाकला.

रुमाल पडून राहिला. कोपरासुद्धा हलला नाही.

"हिची हवा हळू येते," कर्ट मागून म्हणाला. "पण सतत येते. झोत मारत नाही. छान ना?"

"हं," ऑर्विन म्हणाला आणि त्याने रुमालाची घडी घातली.

*

आता आर्डिसने काय अर्थ लावला ते. बारा वर्षांचा हिशेब काय करायचाय, असं नवरा म्हणाला. तिसऱ्यांदाही नको म्हणाला. आणि मागच्याच आठवड्यात तो एकटा दवाखान्यात जाऊन आला होता; "काय म्हणाले?" असं विचारल्यावर "काही नाही, जुनंच आहे" म्हणाला होता.

जुनंच आहे! म्हणजे किती दिवस लपवून ठेवलं होतं याने?

तिने एकट्या डेलोरेसला सांगितलं, तेही शपथ घालून. डेलोरेस चर्चच्या बायकांची पुढारी. शपथ घातल्यामुळे तिने कुणाला आजार सांगितला नाही, फक्त ओव्हन पेटवा म्हणून सांगितलं.

गुरुवारी ऑर्विन अंगणातला बर्फ ओढत होता तेव्हा डेलोरेस स्वतःच भांडं घेऊन आली. खाली खिमा, वर डब्यातलं मशरूमचं सूप, त्यावर कुरकुरीत बटाट्याच्या गोळ्यांची रांग. इकडे त्याला हॉटडिश म्हणतात आणि दुःखावर तेवढं एकच औषध मानतात.

"कशाला उगाच त्रास," ऑर्विन म्हणाला.

"त्रास कसला," डेलोरेस म्हणाली, आणि तिचा हात त्याच्या हातमोज्यावर जरा जास्तच वेळ राहिला. "आम्ही सगळ्या आहोत, बरं का. तुमच्या दोघांच्या पाठीशी."

तिचे डोळे भरले होते. ते का भरलेत हे ऑर्विनने विचारलं नाही, कारण असं विचारणं बरं दिसत नाही. पण भांडं घरात नेऊन ठेवताना त्याने बुडाची चिकटपट्टी पुन्हा एकदा वाचली. हॉटडिश आलंय, म्हणजे घरात कुणाला तरी काहीतरी झालंय. घरात माणसं दोन. त्यातला एक तो स्वतः, आणि कान साफ झाल्यापासून तर तो ठणठणीत होता.

मग उरलं कोण?

संध्याकाळपर्यंत आणखी भांडी आली. शनिवारी फ्रीजमध्ये जागा संपली, मागच्या व्हरांड्यातली संपली. मग थंडीच्या भरवशावर भांडी जिन्याच्या पायऱ्यांवर मांडली गेली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, पण बंब मात्र अखंड चालू होता.

*

इथून पुढे ते दोघं एकमेकांशी इतकं गोड वागू लागले की बघवत नव्हतं.

"तू बस, मी घासतो भांडी," ऑर्विन म्हणाला.

हा माणूस निरवानिरव करतोय, आर्डिसच्या मनात आलं. तिने मोठा तुकडा त्याच्या ताटात वाढला.

हिचं अन्न तुटत चाललंय, ऑर्विनच्या मनात आलं.

"थंडी वाजतेय का गं?"

"नाही रे. तुला?"

"मला कशाला वाजेल?"

"काही हवंय का तुला, ऑर्विन? काहीही. मनात असेल ते सांग."

इथे ऑर्विनने जे उत्तर दिलं ते लिहायला हवं. म्हणून ही पुढची ओळ राखून ठेवली आहे:

 

तो उठला आणि त्याने थर्मामीटर बघितला. "उणे बारा," तो म्हणाला. "वाईट नाही."

*

सोमवारी सकाळी ऑर्विन गाडी काढून कर्टच्या दुकानात गेला. "ऐंशीवाली दे," तो म्हणाला. "उद्याच बसव. जोरदार झोत मारणारी बघ." आर्डिसच्या वाट्याला जितक्या सकाळी उरल्या असतील, तितक्या सकाळी तिचा गाऊन फुगायला हवा. वीस टक्के चिमणीतून गेले तर जाऊ देत. बदकांचंही भलं होईल.

"उद्या?" कर्टचा चेहरा पडला. "हं. म्हणजे तसं बघितलं तर... बघू की."

तो असं म्हणाला याला कारण होतं. तासाभरापूर्वी आर्डिसचा फोन येऊन गेला होता. "शहाण्णववाली, उद्याच," ती म्हणाली होती. बारा वर्षं पुरणारी भट्टी घरात आली की बारा वर्षं जगणं त्याला भागच पडेल. ऑर्विन पैसे टाकून वसुलीआधी उठून जाणारा माणूस नव्हे. कर्ट तिलाही "बघू की" म्हणाला होता.

मंगळवारी कर्टची गाडी दारात आली. त्याने मागचं दार उघडलं. आत दोन खोकी होती.

"दोन कशाला?" ऑर्विन म्हणाला.

"दोन कशाला?" आर्डिस म्हणाली.

कर्ट बुटाच्या टोकाने बर्फ उकरू लागला. "मिसेस ट्वाइट, तिसरीत तुम्ही आम्हाला शिकवायला होता. तुम्हाला नाही कसं म्हणायचं, हे तुम्ही शिकवलंच नाही. आणि ऑर्विनना तरी कुठल्या तोंडानं सांगू, की तुमच्या बायकोनं आधीच दुसरी सांगितलीय?"

मग तिघं स्वयंपाकघरात आले. टेबलावर, ओट्यावर, खुर्च्यांवर हॉटडिशची भांडी. बसायला जागा नव्हती म्हणून सगळे उभे राहिले.

आर्डिस आयुष्यात पहिल्यांदाच आडपडदा न ठेवता बोलली. "पुरे झालं, ऑर्विन. डॉक्टर काय म्हणाले ते सांग मला. मी खंबीर आहे."

"कुणाबद्दल?"

"तुझ्याबद्दल! दवाखान्यात काय निघालं?"

"मळ."

"काय?"

"कानात. डाव्या. जुना होता, त्या म्हणाल्या." मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "पण तुझं काय? तुला कधी कळलं?"

"मला काय कळायचंय?"

"डेलोरेस रडत होती, आर्डिस. माझा हात धरून."

"अरे बावळटा, ती तुझ्यासाठी रडत होती!"

दोघांनीही एकेका भांड्याची कड घट्ट धरली होती. कर्ट फरशीची नक्षी इतकी निरखून बघत होता, जणू उद्या तिच्यावर परीक्षा आहे.

"मग शहाण्णववाली का नको?" आर्डिसने डोळे पुसत विचारलं. "तीनदा नको म्हणालास. तीनदा!"

ऑर्विनने कर्टकडे बघितलं, छताकडे बघितलं. थर्मामीटरकडे बघायला वळला, पण मध्ये भांडी होती.

"तिची हवा हळू येते," तो शेवटी म्हणाला. "रुमालसुद्धा उडत नाही. म्हणजे मग सकाळी, जाळीवर, तुझा तो... गाऊन. तो फुगायचा नाही." कान साफ असूनही त्याला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "मला बघायला बरं वाटतं ते."

आर्डिसने भांड्याची कड सोडली.

"ऑर्विन," ती म्हणाली, "तिथे माझे तळवे भाजतात."

"काय?"

"लोखंड तापतं ना रे ते! तव्यावर उभं राहिल्यासारखं होतं. मिनिटभराच्या वर सोसतच नाही."

"मग इतकी वर्षं रोज का उभी राहतेस?"

"तेवढ्या एकाच वेळी तू पेपर खाली ठेवतोस."

*

शहाण्णववाली बसली. ऐंशीवाली कर्टने परत नेली, आणि सोबत एक हॉटडिशही, दोनदा नको म्हणून. बाकीची भांडी आर्डिसला एकेक करून परत करावी लागली. आणि भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून ती पुढे कितीतरी दिवस केक भाजत होती. कुणी विचारलंच, तर दोघं सांगत, "सुधारलंय आता." कुणाचं काय सुधारलं, हे कुणी विचारलं नाही.

नव्या भट्टीची पहिली सकाळ. तळघरातून कण्हणं आलं नाही. जाळी कोमट होती. आर्डिस तिच्यावर येऊन उभी राहिली. गाऊन सरळ खाली लोंबत होता. फार तर झालरीला किंचित कंप. पण या वेळी ती मिनिटाने उतरली नाही. निवांत उभी राहिली, आरामात, तळव्यांखाली ऊब घेत.

पेपर टेबलावर न उघडता पडला होता.

आर्डिसने एक डोळा उघडून ऑर्विनकडे बघितलं. मग गाऊनचा घेर दोन्ही हातांनी दोन बाजूंना धरला आणि बदकाने पंख फडफडवावेत तसा फडफडवला.

"पुरे की," ऑर्विन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, डावासुद्धा.

"पुरे काय? चार टक्के कमी पडतात, ते कुणी भरायचे?"

कर्टचा अंदाज चुकला होता. जादा पैसे वसूल व्हायला चौदा वर्षं लागली. ते वसूल झाले त्या सकाळी नव्वद वर्षांच्या ऑर्विनने दोन अंडी खाल्ली, तिसरं दोनदा नको म्हणाला आणि मग घेतलं.