दोन गाण्यांच्या मध्ये

आमच्या सोसायटीत गणपतीची एक आरती संपत आली, की आता कोणती घ्यायची म्हणून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. तेवढ्यात भोये सरांनी दुसरी सुरूही केलेली असते. पहिलीची शेवटची ओळ अजून निम्म्या लोकांच्या तोंडात असते. सेक्रेटरी डोळे वटारतात. सर टाळ्या न थांबवता सांगतात, "खंड पडला असता!"

भोये सर माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. आयटीआयमध्ये टर्नरच्या पोरांना शिकवून निवृत्त झाले. लग्न केलं नाही, आणि एका जागी बसणं त्यांना ठाऊक नाही. चहासुद्धा फेऱ्या मारत पितात. बोलताना मी जरा अडखळलो, की माझं वाक्य तेच पुरं करतात, बहुतेक वेळा चुकीचं.

गेल्या दिवाळीपासून त्यांना नवं वेड लागलं. गाणी वाजवणारा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम स्वतः लिहायचा. त्यात ना चित्रं, ना बटणं. नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. 'लाव' टाइप केलं की गाणं लागतं, 'पुढे' टाइप केलं की पुढचं.

"अहो सर, मोबाइलवर हे फुकट मिळतं," मी म्हणालो.

"मिळतं. पण मध्ये खंड पडतो. वर जाहिराती!"

दोन गाण्यांमधला तो खंड असेल जेमतेम डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा. पण माणूस पेटला होता. पहिलं गाणं चालू असतानाच दुसरं तयार ठेवायचं, ही त्यांची युक्ती. एकदा दुसरं जरा जास्तच तयार निघालं आणि भजनावर लावणी चढली. मजल्यावरची सगळी दारं उघडली. सरांचा चेहरा मात्र उजळला होता. "बघा, आहे का खंड?"

दिवसातून कितीदा तरी माझी बेल वाजायची. "या, कान द्या. ऐकू आला खंड?" मला काही ऐकू यायचं नाही. "बँकेत नोकरी करून तुमचे कान गेलेत," असं म्हणून सर तरातरा परत जायचे आणि पुन्हा खटखट सुरू व्हायची.

शेवटी मी वैतागलो. "सर, एवढ्याशा शांततेनं कुणाचं काय बिघडतंय?"

ते फेऱ्या मारायचे थांबले.

"आई उठते," म्हणाले.

आईंना त्यांनी दिवाळीतच गावाहून, हरसूलहून आणलं होतं. त्यांना आता बरंचसं आठवत नाही. गाणं चालू असेल तोवर भजनाला बसल्यासारख्या मांडी घालून बसतात. गाणं थांबलं, की कार्यक्रम संपला असं समजून पिशवी उचलतात आणि घरी निघतात.

"मागे मी आंघोळीला गेलो होतो आणि गाणी थांबली," सर म्हणाले. "आई हायवेवर, द्वारकेच्या चौकात सापडली. ट्रकांच्या मधोमध उभी."

परवा दुपारी मी त्यांच्याकडे बसलो असताना कॉम्प्युटरच अडकला. गाणं अर्ध्यात तुटलं. सर घाबरून कीबोर्ड बडवायला लागले, तोवर आई पिशवी घेऊन आतल्या खोलीतून बाहेर आल्याच.

"संपलं ना? निघते बाबा. पोरगा घरी एकटा हाय. वाट बघत आसंल."

सर धावत दारात जाऊन उभे राहिले आणि स्वतःच गायला लागले. आवाज भसाडा, सुराचा पत्ता नाही. पण आई थबकल्या. पिशवी बाजूला ठेवून तिथेच खाली बसल्या. बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "भला मानूस हाय. पन सारा दिस हितंच आसतो. ह्याला घरचं कोन नाय का?"

सरांनी ते ऐकलं होतं.

"हाय ना," ते म्हणाले. "आई हाय." आणि लगेच त्यांनी पुढची ओळ धरली.