सासूबाई फोकसमध्ये

फोटोग्राफरच्या घरी एकाच आठवड्यात नवा कॅमेरा आला आणि सासूबाईही आल्या. कॅमेरा त्याने हौसेने आणला होता. सासूबाई मोतीबिंदूचं ऑपरेशन करून लेकीकडे विश्रांतीला आल्या होत्या, आणि चांगल्या महिनाभर राहणार होत्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणाला वाटलं नाही.

खरं तर कॅमेऱ्याचा विषय जुनाच होता. फोटो छापून देणाऱ्या लॅबच्या बाहेर एक बाक होता आणि त्यावर चहा पीत बसलेले फोटोग्राफर वर्षानुवर्षं एकाच प्रश्नावर भांडत आले होते, की पुढच्या कॅमेऱ्यात काय हवं. पासपोर्टवाल्याला न संपणारी बॅटरी हवी होती. ड्रोनवाल्याला कॅमेरा हलका हवा होता, कारण वयाने सगळ्यांत लहान असून कंबर त्याचीच गेली होती. बाकावरचे ज्येष्ठ म्हणजे बुवा. ते म्हणत, "गिऱ्हाइकाला गप्प बसवणारं एक बटण द्या. बाकीचं माझं मी बघतो."

फोटोग्राफरचं मागणं मात्र ठरलेलं असे. माणसाचा डोळा आपणहून हुडकून त्यावर फोकस धरणारा कॅमेरा.

"का रे, तुझे डोळे भाड्याने दिलेत का?" बुवा विचारत.

"काळाबरोबर चालायला नको का?" असं म्हणून तो चहावर फुंकर मारत बसे.

काळाचं काही नव्हतं. त्याला जवळचं दिसेनासं झालं होतं. आधी वर्तमानपत्र थोडं लांब धरलं की भागत असे, मग हात पूर्ण ताणावा लागे, आणि हल्ली हातच पुरेनासा झाला होता. आचाऱ्याची जीभ जावी तसंच हे. लोकांना कळलं तर काम कोण देईल, या विचाराने त्याला खरोखर धास्ती वाटायची. चष्म्याचं नाव त्याने बायकोसमोरही काढलं नव्हतं. आता डोळ्याचं काम कॅमेराच करणार म्हटल्यावर त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि खोकं उघडलं.

सराव कुणावर करायचा हा प्रश्न होता. बायको एका जागी बसत नाही. सासूबाईंना मात्र डॉक्टरांनी वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, गॅसजवळ जायचं नाही असं बजावलं होतं, त्यामुळे त्या दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असत. जावयाने रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचे फोटो काढले. त्या खूश होत्या. इतक्या वर्षांत जावयाने आपल्याकडे कधी इतकं निरखून पाहिलं नव्हतं, असं त्यांनी लेकीला दोनदा सांगितलं.

एकदा असंच बटणं दाबताना कॅमेऱ्याने पडद्यावर काहीतरी विचारलं. हा चेहरा महत्त्वाचा म्हणून लक्षात ठेवू का, असा तो प्रश्न होता. एकदा लक्षात ठेवला की तो कॅमेरा कितीही गर्दी असो, आधी तोच चेहरा शोधणार आणि त्यावरच फोकस धरणार. पण अक्षरं मुंगीएवढी होती. फोटोग्राफरला त्यातलं एकही लागलं नाही. विचारणाऱ्याचा मान राखावा म्हणून त्याने 'हो' दाबलं.

त्यानंतर लग्न आलं. लग्न बायकोच्या चुलत बहिणीचं, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या जावेच्या मुलीचं. या धाकट्या जावेला घरातले सगळे काकू म्हणत. काकूंचं आणि सासूबाईंचं गेली काही वर्षं जेवढ्यास तेवढं बोलणं होतं. भांडण कशावरून झालं ते दोघींनाही नीट आठवत नव्हतं, पण आठवत नाही म्हणून राग सोडून दिला असं थोडंच होतं?

"माझ्या माहेरचं काम आहे," बायको म्हणाली. "काकू आधीच म्हणत होत्या बाहेरचा फोटोग्राफर बघू. मी शब्द टाकलाय. नाक कापू नका."

"नवा कॅमेरा आहे," तो म्हणाला. "चूक व्हायला जागाच नाही."

लग्नात त्याने दिवसभर जीव तोडून काम केलं. पडद्यावर हिरवा चौकोन कुणाच्या तरी चेहऱ्यावर बसायचा, तो बटण दाबायचा. चेहरा कुणाचा ते त्याला धूसर दिसायचं, पण कॅमेऱ्यावर विश्वास होता. सासूबाईही उत्साहात होत्या. महत्त्वाच्या प्रत्येक क्षणी त्या अगदी पुढे येऊन उभ्या राहत. धाकट्या जावेच्या घरचं कार्य म्हणजे मोठ्या जावेने मागे राहून कसं चालेल?

फोटो निवडायचं काम नेहमी बायकोचं असे. दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओतल्या कॉम्प्युटरसमोर बसली आणि तिने पहिले काही फोटो दोन-दोनदा उघडून पाहिले.

"अहो, लग्न कुणाचं होतं?" तिने शेवटी विचारलं.

"म्हणजे?"

"नाही, आईचं होतं का?"

तो मागे येऊन उभा राहिला. कॉम्प्युटरचा पडदा मोठा होता, त्यामुळे दिसायचं ते सगळं दिसलं. दोन धुरकट आकृत्या एकमेकींच्या बोटात अंगठ्या घालत होत्या आणि त्यांच्या मधल्या फटीत सासूबाई उभ्या होत्या, भुवईचा एकेक केस मोजून घ्यावा इतक्या स्पष्ट. पुढच्या फोटोत लग्नाच्या नोंदणीच्या कागदावर सह्या चालल्या होत्या आणि कोपऱ्यात सासूबाई जांभई देत होत्या. त्याच्या पुढच्यात नवरीचे वडील गहिवरून भाषण करत होते, म्हणजे तो ढग नवरीच्या वडिलांचाच असावा, आणि मागे सासूबाई कागदी रुमालात गुंडाळून काहीतरी गोड पर्समध्ये टाकत होत्या. त्यातला साखरेचा दाणासुद्धा चमकत होता.

बायको एकामागून एक फोटो पुढे सरकवत गेली. अचानक नवरी लख्ख दिसायला लागली. नवराही दिसला, हार-तुरे दिसले, पाहुण्यांच्या कपाळावरचा घाम दिसला. असे पुष्कळ फोटो होते. मग पुन्हा धुकं पसरलं आणि सासूबाई उगवल्या.

"कळलं," बायको म्हणाली. "आई जेवायला गेली होती तेवढं लग्न छान आलंय."

"बराच वेळ जेवल्या म्हणायच्या."

"तिची कवळी नवी आहे म्हणून वाचलात." तिने खुर्ची वळवली. "पण तुम्हाला तिथं कॅमेऱ्यात दिसलं नाही?"

"घाईत होतो," तो म्हणाला. बायकोने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

पुन्हा सगळं निवडून, जेवणाच्या वेळेतलेच फोटो लावून अल्बम कसाबसा उभा करावा असं त्यांनी ठरवलं. पण चार दिवसांनी काकू न कळवता नवरीला घेऊन स्टुडिओत हजर झाल्या. घरी बसून कंटाळलेल्या सासूबाई नेमक्या त्या दिवशी लेकीबरोबर तिथे आल्या होत्या. काकूंनी 'कसं आहे डोळ्याचं' असं भिंतीकडे बघून विचारलं. सासूबाईंनी 'बरं आहे' असं दाराकडे बघून सांगितलं.

निवडलेले फोटो काकूंना आवडले. "काम चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण सगळे भेटवस्तू देतानाचेच आहेत. अंगठ्या कुठायत? सह्या?"

"ते वेगळे ठेवलेत," फोटोग्राफर म्हणाला.

"मग दाखवा की."

"त्यावर अजून काम करायचंय."

"दाखवा हो जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "मलाही बघायचेत. आता मला कसं स्वच्छ दिसतं."

दुसरा इलाज नव्हता. बायकोने अंगठ्यांचा फोटो उघडला. सगळे पुढे वाकले.

"मी बरी आलेय," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मी कुठाय?" नवरीने विचारलं.

"ती डावीकडची वाफ दिसते ना, ती तू," काकू म्हणाल्या आणि जावयाकडे वळल्या. "काय हो, माझ्या मुलीचं लग्न होतं ना? की आम्ही सगळे तुमच्या सासूबाईंच्या फोटोत मध्ये मध्ये आलो?"

फोटोग्राफर पेचात पडला. कॅमेरा बिघडला म्हणावं तर नवा कोरा कॅमेरा, आणि मला दिसत नाही म्हणावं तर धंदाच बुडाला. बायकोही मान खाली घालून बसली होती. शब्द तिने टाकला होता. त्याला तिच्याकडे बघवेना.

एवढ्यात काकू पुन्हा पडद्याकडे वाकल्या. फोटोत सासूबाईंच्या गालावरून पाण्याचा एक थेंब ओघळत होता. तो इतका ठळक आला होता की त्यात हॉलचे दिवेसुद्धा दिसत होते.

"जाऊबाई," काकूंचा आवाज एकदम खाली आला. "तुम्ही रडत होतात?"

सासूबाईंनी फोटोकडे पाहिलं, मग जावयाच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मग?" त्या म्हणाल्या. "अंगाखांद्यावर खेळलेली पोर ती. रडू नाही यायचं?"

काकू मटकन खुर्चीत बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी पदर शोधावा तसा रुमाल शोधला. इतक्या वर्षांचा राग असा पटकन विरघळताना पाहून बायकोचेही डोळे भरून आले. नवरी तेवढी व्यवहारी निघाली. ती म्हणाली, "अंगठ्या आहेत, कपडे आहेत, नवराही आहे. उद्या इथेच मागे पडदा लावून परत काढू."

"काढू," काकू म्हणाल्या. "पण जाऊबाई आमच्या शेजारी उभ्या राहतील. त्यांच्याशिवाय फोटो नको."

फोटोग्राफरने कॅमेऱ्याकडे पाहिलं. सासूबाई फोटोत असल्या तर पुन्हा तेच होणार, एवढं त्याला आता उमगलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे नटूनथटून स्टुडिओत उभे असताना तो कॅमेरा घेऊन पडद्यामागे गेला. कुठेतरी काहीतरी बदलायला हवं होतं. त्याने कॅमेरा लांब धरला, आणखी लांब धरला, डोळे बारीक केले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मुंग्यांची रांग चालली होती.

"आणा इकडे," मागून आवाज आला. सासूबाई होत्या. त्यांनी गळ्यातला दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला. डॉक्टरांनी वाचायला म्हणून तो त्यांना नुकताच दिला होता. "'नोंदवलेले चेहरे' असं लिहिलंय. पुढे जाऊ?"

"जा."

"अगंबाई, हा तर माझाच फोटो. खाली लिहिलंय, पहिला क्रमांक." त्यांनी चष्म्यावरून जावयाकडे पाहिलं. "जावईबापू, कधीपासून दिसत नाहीये?"

"लांबचं चांगलं दिसतं," तो म्हणाला.

"मीही हेच सांगायचे. दोन वर्षं लपवलं. ऑपरेशनची भीती वाटायची, आणि लेकीला कळलं तर हातातलं स्वयंपाकघर जाईल म्हणून वेगळी भीती. शेवटी साखर समजून चहात मीठ टाकलं तेव्हा बिंग फुटलं."

छातीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं त्याला वाटलं. मग त्याने हळूच विचारलं, "तुमचं नाव पुसू का?"

"पुसायला मी काय जळमट आहे? दुसरीवर सरकवा. पहिली नवरी घ्या."

"आणि काकू?"

"तिसरी," सासूबाई म्हणाल्या. "आणि ऐका. त्या दिवशी डोळ्यात औषध घातलं होतं. तिला सांगू नका." एवढं बोलून त्यांनी गळ्यातून दोरी काढली आणि चष्मा त्याच्या हातात दिला. "हा घालून काढा. मला नुसतं उभंच राहायचंय."

चष्म्याची फ्रेम गुलाबी होती आणि दोन्ही टोकांना एकेक फूल होतं. तो घालून फोटोग्राफर पडद्याबाहेर आला. नवरा हसला, नवरीने त्याला कोपराने ढोसलं. बायको मात्र हसली नाही.

"शोभतोय," ती म्हणाली. "घाईत होता म्हणे."

फोटो सुरेख आले. नवरी लख्ख, अंगठी लख्ख, आणि एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या दोन जावांमध्ये मोठी जाऊ किंचित जास्त स्पष्ट. काकूंच्या ते लक्षात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात फोटोग्राफर लॅबवर गेला तेव्हा खिशात स्वतःचा चष्मा होता. बाकावर चहा चालला होता.

"काय, नवीन कॅमेरा काय म्हणतो?" पासपोर्टवाल्याने विचारलं. "डोळे शोधतो का?"

"शोधतो."

"मग आता तुला मागायला काही उरलंच नाही," बुवा म्हणाले. "की पुढच्या कॅमेऱ्यात आणखी काही हवंय?"

त्याने खिशातून चष्मा काढला, पुसला आणि सगळ्यांदेखत डोळ्यांवर चढवला.

"अक्षरं मोठी हवीत," तो म्हणाला.

कुणी हसेल म्हणून तो थांबला. कुणी हसलं नाही. पासपोर्टवाला कपात बघत राहिला. बुवांनी चहा खाली ठेवला आणि रस्त्यावर कुणी ओळखीचं नाही ना ते पाहिलं. मग हात पुढे केला.

"बघू तो चष्मा जरा," ते म्हणाले. त्यांनी तो नाकावर ठेवला आणि स्वतःच्या कॅमेऱ्याचा पडदा उघडला. "या कॅमेऱ्यात काय काय आहे ते मी अजून वाचलेलंच नाही."

ते एकेक ओळ मोठ्याने वाचू लागले. बुवा दुसऱ्या पानावर गेले तेव्हा टोकाला बसलेला ड्रोनवाला पासपोर्टवाल्याच्या पुढून वाकला.

"बुवा, तुमचं झालं की इकडे द्या," तो म्हणाला.