फोमला हात लावू नका

बिराजदार सर लग्नाला जातानाही शर्टाच्या खिशात नेलपॉलिश काढायची बाटली ठेवतात. वय सत्तरीपार, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे. आमच्या सोसायटीत आता कोणाला याचं काही वाटत नाही. आमच्या गावच्या नवी पेठेतला टिकल्या-बांगड्यांचा दुकानदारही सर दिसले की न विचारता मोठी बाटली काउंटरवर ठेवतो.

कारण फोम. दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्याकडे खिडक्यांच्या फटी फोम मारून बुजवायची लाट आली. डब्यातून फवारायचा की फट बंद. ऊन, धूळ, मुंग्या बाहेर. फवारताना तो बोटाएवढा दिसतो. आपण चहा टाकून येईपर्यंत भटुऱ्यासारखा फुगून चौकटीवरून खाली उतरलेला असतो, आणि जिथं उतरेल तिथं मुक्काम करतो. मग सरांना बोलवायचं.

माझ्याकडे तो गॅसच्या ओट्यावर उतरला. मी ताबडतोब ओलं फडकं घेतलं. फोम तिथंच राहिला, फडकंही तिथंच राहिलं. सरांनी चष्मा वर करून बघितलं.

"पाणी लावलात?"

"लावलं."

"पाणी पिऊनच घट्ट होतंय की ओ ते. आता हात लावू नका. वाळू द्या."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ओला असेल तर बाटली, वाळला असेल तर पाती आणि पॉलिश पेपर, आणि मधल्या काळात कोणीही काहीही करायचं नाही. हा मधला काळ सर ज्याचा फोम त्याच्याच घरी खुर्ची टाकून काढतात, फोमकडे बघत. मी दोनदा चहा दिला, जेवायचं विचारलं. "चालतंय की," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पातीनं इतकं अलगद सोललं की ओट्यावर ओरखडा नाही. फडकं मात्र गेलं.

सोसायटीच्या अध्यक्षांनी स्वतःचा उजवा तळहातच भरवून घेतला आणि वाळल्यावर सांगितलं. बाटलीची वेळ टळून गेली होती. सरांनी शेंगदाण्याचं तेल चोळलं आणि बाकीचं कातडीबरोबर आपोआप जाईल म्हणाले. त्या आठवड्याची सभा अध्यक्षांनी एक हात खिशात ठेवून चालवली. ठरावाच्या बाजूनं हात वर करा म्हणाले, आणि स्वतः डावा केला.

गेल्या वर्षी सरांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. तोवर फोमची लाट ओसरली होती, पण सरांच्या फेऱ्या वाढल्या. जिन्यात भेटले की विचारायचे, "काही उरलंय का ओ तुमच्याकडं?" माळ्याच्या खिडकीवरचा एक गोळा मी त्यांच्यासाठी तसाच ठेवला आहे.

मागच्या महिन्यात त्यांच्या मुलीचा, सुजाताचा, पुण्याहून फोन आला. बाबांच्या घराला रंग द्यायचा आहे, तिला यायला जमत नाही, मी लक्ष ठेवीन का. ठेवलं. हॉल झाला, खोली झाली, आणि स्वयंपाकघरात काम अडलं. पेंटर मला बोलवायला आला.

सिंकवरच्या खिडकीच्या कोपऱ्यात नारळाएवढा फोमचा गोळा होता, उन्हानं पिवळा पडलेला. सगळ्या सोसायटीचा फोम काढणाऱ्या माणसाच्या घरात. पेंटर पाती घेऊन तयार होता आणि सर मध्ये उभे होते. मी पेंटरच्या बाजूची.

"सर, पाच मिनिटांचं काम आहे. सुजाता विचारेल मला."

"हात लावू नका," सर म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता.

मग ते स्वतःच बाजूला झाले. गोळ्याच्या मधोमध बोट शिरेल एवढा खळगा होता. वरच्या कडेला नखाची बारीक चंद्रकोर.

"इडली झाली का बघतात, तसं बघितली तुमची काकू. मी ओरडलो की ओ तिच्यावर, हात लावू नको म्हणून. तोवर लावून बसली होती." सरांचा हात खिशातल्या बाटलीकडे गेला. "ही तेव्हाच पहिल्यांदा आणली. दुपारभर तिचं बोट धरून पुसत बसलो. ती नुसती हसत होती."

मी पेंटरला गोळ्याभोवती टेप लावायला सांगितलं. बाकीची भिंत रंगव म्हटलं, सुजाताचं मी बघते.

रंग देऊन झाल्यावर सरांनी खुर्ची ओढली आणि भिंतीसमोर बसले. मी चहा ठेवला. भिंत वाळायला संध्याकाळ होणार होती.