बारा शब्दांची चाल

सासूबाईंनी शर्टाच्या कॉलरला शेवटची टीप मारली आणि त्याच हादऱ्याने मशीनच्या फळीवर ठेवलेला जावईबापूंचा मोबाईल घसरला, तो थेट खळीच्या बादलीत. आवाज झाला ‘डुबुक’ एवढाच. पण त्यात सासूबाईंची शिलाईची सगळी पुंजी बुडाली.

एरवी ती बँकेत सुखाने झोपलेली असायची. पण जावईबापू म्हणाले होते, “आई, बँक म्हणजे बैलगाडी. सही जुळत नाही, साहेब जागेवर नाहीत, उद्या या! क्रिप्टो बघा, बाण सोडल्यासारखे पैसे जातात.” मग पुंजीची नाणी झाली आणि ती नाणी त्यांच्या मोबाईलमध्ये जाऊन बसली. न दिसणारी, न खुळखुळणारी.

आज त्या नाण्यांचंच काम होतं. परगावी लेक केकचं दुकान काढत होती. पाचच्या आत अनामत भरली नाही, तर गाळा दुसऱ्याला जाणार होता.

जावईबापूंनी मोबाईल बाहेर काढला. पुसला, झटकला, फुंकला. तो उजळेना; त्याला कडक खळ बसली होती.

तेवढ्यात लेकीचा सासूबाईंच्या फोनवर फोन. “आई, मालक किल्ली फिरवत समोर बसलाय गं!”

“पाठवतोय, पाठवतोय,” जावईबापू सासूबाईंच्या आडून ओरडले आणि फोन ठेवल्यावर खाली बसले. “आई, ते बारा गुप्त शब्द घातले की तुमच्या फोनवरही नाणी उघडतील.”

“मग घाला की.”

“ते मी जपून ठेवलेत.”

“कुठे?”

जावईबापूंनी हातातल्या ओल्या मोबाईलकडे पाहिलं.

जावयाला बोलायचं कसं? सासूबाईंनी पदर खोचला, मशीनवर बसल्या आणि पायडल हलवलं. मशीन घरघरलं आणि त्यांच्या ओठांवर गाणं आलं,

“लेमन बाई लॅडरवरी, टायगर बघतो विंडोतून,
रिव्हर वाहे गार्डनपाशी, सिल्व्हर चमके मिररमधून…”

जावईबापू ताडकन उठले. “आई! हे तर तेच शब्द!”

“तुम्हीच म्हणालात ना, ‘लिहू नका, पाठ करा’? मला नुसतं पाठ होत नाही हो. चाल लागली की बसतं.”

“आठ झाले! पुढचे चार?”

सासूबाईंनी पायडल मारलं. चाल आली, शब्द येईनात. पुन्हा पहिल्यापासून धरलं. आरशापाशी गाडी पुन्हा अडली. घड्याळ मात्र कुठेच अडत नव्हतं. जावईबापूंच्या कपाळावरचा घाम खळीच्या बादलीत टपकू लागला.

आणि समोरच्या खिडकीतून, इस्त्रीच्या वाफेतून, एक खणखणीत आवाज आला,

“कॅमल निघाला ब्रिजवरून, पपी धावे रॉकेटमागून!”

इस्त्रीवाल्या काकू होत्या. “ताई, रोज म्हणता आणि आजच विसरलात? आमच्याकडे तर याच्यावर कपड्यांच्या घड्या पडतात!”

“काकूंनाही माहीत?” जावईबापूंचा आवाज चिरकला.

“काकूंना काय, सगळ्या गल्लीला!” काकू अभिमानाने म्हणाल्या. “पोरं दोरीवरच्या उड्या मारतात या गाण्यावर!”

लाजायलाही वेळ नव्हता. जावईबापूंनी सासूबाईंच्या फोनवर बारा शब्द टिपले, श्वास रोखला आणि बटण दाबलं. फोन उजळला. पुंजी जशीच्या तशी! नाणी लेकीकडे गेली, तिने ती विकली, पैसे तिच्या बँकेत उतरले आणि तिथून मालकाच्या खात्यात.

फोन वाजला. “आई, किल्ली मिळाली! ऐक!” आणि किल्ल्यांचा खुळखुळाट घरभर झाला. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. समोर काकूंनी आनंदाने रिकाम्या हवेतच इस्त्री फिरवली.

जावईबापू मात्र हिशेब करत होते. “आई, आता हे शब्द जगजाहीर झाले. उरलेले पैसे आजच हलवायला हवेत. कुठे ठेवू?”

“बैलगाडीत,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

जावईबापूंनी मान खाली घातली आणि संध्याकाळच्या आत उरलेली नाणी विकून पैसे सासूबाईंच्या बँकेत घातले. दुसऱ्या दिवशी बँकेतून सासूबाईंसाठी कार्डही आणलं. पुढे सरकून अगदी हळू म्हणाले, “आई, याचा पिन फक्त चार आकड्यांचा आहे. कुणाला सांगायचा नाही.”

“चारच?” सासूबाई हिरमुसल्या. “एवढ्यात गाणं कसं बसायचं?”

खिडकीतून आवाज आला, “सांगा तर खरं, ताई! ध्रुवपद तरी होईल!”