इनासकाकांचं चर्च

इनासकाका उभ्या आयुष्यात कधी इंग्लंडला गेले नाहीत. पण तिथल्या एका खेड्यातलं चर्च गळायला लागलं, की बहरीनमध्ये त्यांना जेवण जात नसे. "उत्तरेकडून पाणी शिरतंय रे," ते कालवणात भाकर तशीच ठेवून म्हणत. मनामातल्या आमच्या खोलीबाहेर तेव्हा पाच-पाच महिने थेंब पडलेला नसे.

काका जाऊन आता वर्ष होत आलं. ते वसईचे, एका कंत्राटदार कंपनीत ड्राफ्ट्समन. मी पुण्याचा, बँकेतला. अकरा वर्षं आम्ही एका खोलीत काढली. त्यांचे इंग्रज साहेब, मिस्टर हॉल, निवृत्त होऊन गावी परतले आणि गावच्या सातशे वर्षांच्या चर्चच्या दुरुस्तीला लागले. मापं आणि फोटो टपालाने काकांकडे येत. "तुझ्यासारखी रेघ इथं कुणाला जमत नाही," एवढ्या एका वाक्यावर काका दर शुक्रवारी फुकट राबत.

पहिल्याच नकाशात त्यांनी घोळ केला. वेदीकडचा भाग बाकीच्या इमारतीशी तिरका येत होता. साहेबांचा टेप सैल पडला असणार, असं ठरवून काकांनी तो सरळ काढून दिला. उत्तर आलं, "इनास, ते वाकडंच आहे."

काका आठवडाभर खुशीत. "सातशे वर्षं वाकडं उभं आहे, मेल्या! आणि आमचा मॅनेजर अर्ध्या इंचाला बोंबलतो."

मग चुन्याचं वेड लागलं. त्या जुन्या दगडांच्या फटींत मध्ये कुणीतरी सिमेंट भरलं होतं. ओल आत कोंडून दगड झडत होते. ते खरवडून पुन्हा चुना भरायचा होता. "चुना श्वास घेतो," काका भेटेल त्याला सांगत. "सिमेंट मफी!" हे 'नाही' तिथल्या अरबीतलं. ईसा टाउनला एका मित्राच्या नव्या घरी सत्यनारायणाला गेलो, तर हे प्रसाद हातात घेऊन भिंतीवर टिचक्या मारतायत.

"वहिनी, घुसमटलीय हो बिचारी."

"भाड्याची आहे, काका," वहिनी म्हणाल्या. "घेईल तोंडाने श्वास. तुम्ही शिरा खा."

त्या चर्चात एकदा उभं राहायचं, ही काकांची एकच इच्छा. छपराचं काम संपत आलं आणि साहेबांनी बोलावलं. दोन वर्षांनी मिळणारी रजा मेमध्ये मंजूर झाली. काकांनी गरम कोट शिवला. त्याच आठवड्यात वसईहून पत्र आलं: मुलीचं, रीटाचं लग्न ठरलं. त्याच मे महिन्यात.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? इंग्लंड खलास. कोट लग्नात घालीन."

"मे महिन्यात? वसईला?"

"मुलीचा बाप घामाघूम असतोच रे."

येत नसल्याचं काकांनी कळवलं, त्यावर साहेबांचं उत्तर आलं. त्या छपरावर शिशाचे पत्रे असतात आणि काम करणारे कारागीर आपल्या पावलाची कड त्यात कोरून ठेवतात, अशी तिथली जुनी रीत. "तू येत नाहीस, तर पाऊल कागदावर काढून पाठव. एका पावलाची जागा राखून ठेवली आहे."

मी जमिनीवर कागद पसरला. "चला काका, बूट काढा. शिसं पुरणार ना एवढ्या पायाला?"

काका हसले नाहीत. त्यांनी ट्रंकेतून घड्या पडून पिवळा झालेला एक कागद काढला. त्यावर पेनाने काढलेलं एक इवलंसं पाऊल. रीटा सहा वर्षांची असताना बायकोने पाठवलेलं, सँडलच्या मापासाठी. तेव्हा सगळ्यांच्याच घरून असे कागद येत. ते खिशात घालून आम्ही बाजारात फिरत असू.

"सँडल घेऊन गेलो, तर टाच बाहेर," काका म्हणाले. "दर खेपेला तेच. इकडे माप यायचं, आणि सुट्टी मिळेपर्यंत पाय पुढे गेलेला."

"पण काका, जागा तुमच्यासाठी ठेवलीय."

त्यांनी त्या पिवळ्या कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि अंगठ्यापासून पेन्सिल फिरवायला सुरुवात केली.

"हेच कोरू दे त्यांना," ते म्हणाले. "तिथं तरी वाढणार नाही."